ताडपत्रीखालचं इंजिन

चढाचं शेवटचं वळण आलं आणि तेलाचा लाल दिवा लुकलुकला. छोटीने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खात गाडी कडेला घेतली. शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला थंड डबा होता. सकाळपासून घरोघरी जाऊन काढलेल्या रक्ताच्या एकवीस नळ्या त्यात होत्या. दिवा विझला, पण बोनेटखालची ठकठक चालूच राहिली.

छोटी हे नाव ऐकून कुणी फसू नये. बाई चव्वेचाळीस वर्षांची होती, केस निम्मे पिकलेले, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढणारा. लॅबोरेटरीत तिला मॅडम म्हणत, पेशंट लोक सुईवाल्या बाई म्हणत. छोटी म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, तिचा दादा, आणि त्याचं जवळजवळ प्रत्येक वाक्य त्याच शब्दावर येऊन टेकायचं. जेवलीस का छोटी. दार नीट लाव छोटी.

आणि हा चढ. सत्तावीस वर्षांपूर्वी याच चढावर, याच गाडीचं पहिलं इंजिन जाम होऊन बसलं होतं. तेव्हा गाडी दादा चालवत होता. छोटी रोज सकाळी इथून जायची आणि रोज त्या वळणावर तिचे डोळे आपोआप त्या लाल दिव्याकडे जायचे. आज तो खरंच लागला, तेव्हा भीती तर वाटलीच, पण आत कुठेतरी असंही वाटलं, की आलास का एकदाचा.

दुपारी ती मेस्त्रींकडे गेली. मेस्त्री हा हाडकुळा, सत्तरीचा माणूस. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी.

"बाई, बेअरिंगं गेली," डोळे न उघडताच ते म्हणाले. "महिनाभर चालेल, नाहीतर उद्याच बसेल. छातीठोक काही सांगणार नाही."

"मग हेच इंजिन बांधून द्या."

"हे? हे भंगारातून आलेलं. आतून दोनदा कोरलंय आधीच. तिसऱ्यांदा कोरलं तर आतल्या भिंती पापडासारख्या होतील. रोज चढ चढायचाय तुम्हाला, प्रदर्शनात नाही ठेवायची गाडी." मेस्त्रींनी डोळे उघडले. "त्यापेक्षा तुमच्या घरी वडिलांचं मूळ इंजिन पडलंय ना, ते आणा. ते कधी कोरलेलंच नाही म्हणे. क्रँक घासून घेऊ. जुनं ते सोनं म्हणतात ते सगळीकडे खरं नसतं, इथे आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं त्याच्याबद्दल?"

"तुमच्या दादांनी. येतात की. समोरच्या थांब्यावर बसची वाट बघता बघता इकडे सरकतात. तास तास उभे राहतात. सगळं कळतं त्यांना, पण हात कशाला लावत नाहीत."

छोटीला हे ठाऊक नव्हतं. दादा गोदामात साठ्याची नोंद ठेवायचा, सव्वीस वर्षं तेच एक टेबल. गाडीचा विषय निघाला की तो पाणी प्यायला उठायचा. ती म्हणाली, "मेस्त्री, ते इंजिन जाम झालेलं आहे. त्याच्यात काही अर्थ नाही."

"उघडल्याशिवाय कसं कळणार? दोन्ही उघडू, मोजू, आणि ज्याच्यात जीव असेल ते बांधू. शनिवारी टेम्पो पाठवतो."

उघडू, हा शब्द तिला नको होता.

त्याचं कारण जगात फक्त तिला माहीत होतं. बाबा कारखान्यात फिटर होते आणि घरातही फिटरच होते. त्यांच्या कारखान्याची एक पद्धत होती. यंत्रातून काढलेला बिघडलेला भाग फेकायचा नाही. तो तारेत ओवायचा, पत्र्याच्या पट्टीवर तारीख आणि कारण खिळ्याने कोरायचं आणि पट्टी त्याच यंत्राला बांधून ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं आधी काय झालं होतं. घरचा पाण्याचा पंप, शिलाई मशीन, एवढंच काय, दाराची कडीसुद्धा असल्या पट्ट्या मिरवत असायची. आणि त्या पद्धतीच्या जोडीला त्यांचं एक वाक्य होतं: चूक करणाऱ्याला माफी आहे, लपवणाऱ्याला नाही.

त्या दिवशी बाबांनी गाडीचं जुनं तेल काढून टाकलं आणि तेवढ्यात कारखान्यातून बोलावणं आलं. मोठं यंत्र बंद पडलं होतं. "राहिलेलं मी आल्यावर करतो," म्हणून ते गेले. दादा घरात नव्हता. सतरा वर्षांच्या छोटीने बाबांना आणि दादाला हे काम दहा वेळा करताना पाहिलं होतं, तिला मात्र कुणी पान्याला हात लावू दिला नव्हता. म्हटलं, दाखवूनच देऊ. तिने तेलाचा जुना फिल्टर काढला, नवा बसवला, तेल भरलं, हात धुतले आणि शाबासकीची वाट बघत बसली. बाबा त्या दिवशी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी निरोप आला की न्यायला या. दादाने तेलाची काडी ओढून पाहिली, तेल भरलेलं होतं, त्याला वाटलं बाबा करून गेले. छोटी सांगणार होती, पण बाबा आले की दोघांना एकदमच सांगू, म्हणून गप्प बसली. दादा निघाला.

चढावर इंजिन बसलं. गाडी मागे घसरत भिंतीवर आदळली, दादाचं मनगट मोडलं. बाबांनी एवढंच विचारलं, "तेल होतं?" आणि दादा म्हणाला, "काडी बघून निघालो होतो." दोघेही मोजून मापून बोलणारे. एकाने अजून एक प्रश्न विचारला असता किंवा दुसरा अजून एक वाक्य बोलला असता, तर सगळं निराळं झालं असतं.

त्याच संध्याकाळी छोटीने मागच्या कचऱ्याच्या टोपलीतला जुना फिल्टर पाहिला. फिल्टरच्या तोंडाशी गोल खाच असते, त्यात रबरी रिंग असते. खाच रिकामी होती. म्हणजे जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि तिने तिच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. तिने तो जुना फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दोन गल्ल्या पलीकडच्या कचऱ्यात टाकला.

आधी तिला वाटलं, बाबांचा राग निवळला की सांगू. पण राग निवळला नाही, उलट तीनेक आठवड्यांनी तो अधिकच घट्ट झाला. दादाचा मोटार शिक्षणाच्या संस्थेचा अर्ज सहीसाठी कपाटावर पडून होता. बाबांनी सही केली नाही. भंगारातलं इंजिन आणून गाडीत बसवलं, मूळ इंजिन मागच्या खोलीत लाकडी ठोकळ्यांवर ठेवून वर ताडपत्री टाकली आणि सांगितलं, "याला कुणी हात लावायचा नाही." दादा गोदामात लागला. पुन्हा कधी स्टिअरिंगला बसला नाही. पुढे लग्न करून वेगळा राहिला, पण दर रविवारी जेवायला यायचा आणि बाबांच्या समोरच बसायचा. बाबा जेवता जेवता मध्येच ते माफीचं वाक्य टाकायचे. दादा आमटी वाढून घ्यायचा. छोटी पोळ्या आणायला आत जायची.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. लोक म्हणायचे, बाईला जुन्या गाडीची काय हौस. हौस कसली आलीय. गाडी विकली तर इंजिन जाईल, इंजिन गेलं तर कुणीतरी ते उघडेल, म्हणून ती गाडी विकत नव्हती आणि इंजिनाजवळ जातही नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र गेली. उद्या टेम्पो येणार होता. फिल्टर भिंतीच्या बाजूला होता, ताडपत्रीखालून हात घालूनच चाचपडावा लागत होता. तिचा हात फिल्टरच्या गार पत्र्यावर पडला. फिरवून पाहिला, हलेना. थोडा वर सरकला तर बोटांना काहीतरी तारेसारखं, लोंबतं लागलं. तिने हात झटकन मागे घेतला. रोज परक्या माणसांच्या शिरा शोधणारी बाई, पण तिथे दुसऱ्यांदा हात घालायचं धाडस काही झालं नाही.

"छोटी?" दारात दादा उभा होता. हातात पिशवी. "उद्या मीही येतोय मेस्त्रींकडे. सुट्टी टाकलीय."

"तू कशाला?"

"जुना शर्ट आणलाय." पिशवी उघडून त्याने दाखवलाच. "मेस्त्री म्हणाले, नट सोडवायला माणूस लागेल. म्हटलं, आता कोण अडवणार आहे, छोटी."

सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, आणि चेहरा शाळेच्या सहलीला निघालेल्या पोराचा. छोटीला सांगावंसं वाटलं, अगदी ओठांवर आलं. तिने विचारलं, "चहा घेशील?"

रात्री तिने बेत ठरवला. सकाळची फेरी लवकर उरकायची, सगळ्यांच्या आधी मेस्त्रींकडे पोचायचं आणि काहीतरी निमित्त काढून फिल्टर आपणच सोडवायचा. दोन रिंगांतली एक खिशात घातली की काम झालं. पण शनिवारी तिसऱ्याच घरी एका आजोबांची शीर सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं, तिसऱ्यांदाही रक्त आलं नाही.

"बाई, आज लक्ष दुसरीकडेच आहे तुमचं," आजोबा म्हणाले. "बसा जरा. मी काही पळून जात नाही."

ती पोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. इंजिन मेस्त्रींच्या स्टँडवर चढलेलं होतं, ताडपत्री घडी घालून बाजूला ठेवलेली. दादा जुन्या शर्टात, कोपरापर्यंत काळा. तिला पाहून त्याने पाना उंचावून दाखवला. भिंतीकडे असलेली बाजू आता उजेडात होती.

"बाई, या," मेस्त्री म्हणाले. "तुमचे वडील भारी माणूस. पत्ता लिहून गेलेत."

फिल्टरच्या मानेला तार गुंडाळलेली होती. तारेत दोन रबरी रिंगा ओवलेल्या होत्या. एक दगडासारखी कडक, दुसरी एका बाजूला फाटून बाहेर आलेली. त्यांच्याखाली ॲल्युमिनियमची पट्टी. मेस्त्रींनी ती बाहीने पुसली आणि चष्मा चढवून वाचली. तारीख होती, चढावरच्या त्या दिवसानंतर तीन आठवड्यांची. खाली बाबांचं टोकदार अक्षर: "जुनी रिंग काढली नाही. तिच्यावर नवी बसवली. सांगितलंही नाही."

"म्हणजे काय?" दादाने विचारलं.

"म्हणजे दोन रिंगा एकावर एक दम धरत नाहीत. चढावर दाब वाढला, वरची रिंग फाटली, सगळं तेल रस्त्यावर. मिनिटभरात इंजिन बसतं."

"पण मी जोरात पळवली म्हणून..."

"अहो, कुणीही चालवली असती तरी बसलंच असतं."

दादा पालथ्या खोक्यावर बसला. पाना त्याने मांडीवर ठेवला.

"फिल्टर बाबांनीच बदलला होता," तो हळूच म्हणाला. "म्हणजे त्यांचीच चूक. त्यांना तीन आठवड्यांत कळलं. कळलं, आणि मला सांगितलंही नाही. तेच लिहिलंय बघ. माझ्याजवळ बोलता आलं नाही, पत्र्यावर बोलले." त्याने पट्टीकडे बोट दाखवलं. "एकवीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवले गं, छोटी."

छोटीला पट्टी नीट कळली होती. बाबांनी ती स्वतःबद्दल लिहिलीच नव्हती. काडी बघून निघालो, असं म्हणणाऱ्या मुलानेच फिल्टर बसवला असं ते धरून चालले होते. मुलाने चूक केली आणि लपवली, म्हणून ते वाट बघत राहिले. रविवारचं ते वाक्य म्हणजे टोमणा नव्हता. ते मुलाला वाट करून देत होते. आणि मुलाकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच.

"शेवटी शेवटी माझा हात धरून ठेवायचे," दादा म्हणाला. "काहीतरी हवं असायचं त्यांना. आता कळलं, माफी मागायची असेल. मला तेव्हा कळलं असतं तर मीच म्हटलं असतं, जाऊ द्या बाबा."

आता फक्त गप्प राहायचं होतं. सत्तावीस वर्षांच्या सरावाने ते तिला सहज जमलं असतं. बाबा गेलेले, पट्टीवर कुणाचं नाव नाही, आणि दादा तर मेलेल्या माणसाला माफ करायलाही निघालेला. ती सुटली होती. सुटल्याचं लक्षात आलं आणि तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी भीती वाटली, कारण यापुढे हे सांगायची वेळ पुन्हा कधी येणार नव्हती.

"बाबांनी नाही," ती म्हणाली. "फिल्टर मी बदलला."

मेस्त्री उठले आणि काहीतरी शोधायला म्हणून मागच्या बाजूला गेले.

"कधी?"

"बाबा कारखान्यात गेले त्याच दुपारी. तुम्हा दोघांना दाखवायचं होतं, मलाही येतं म्हणून. तुला वाटलं बाबांनी केलं. बाबांना वाटलं तू केलंस. त्या पट्टीवर तू आहेस, दादा. तू सांगितलं नाहीस, असं लिहिलंय त्यांनी."

दादाने पट्टी पुन्हा वाचली. ओठ हलत होते, पहिलीतल्या मुलासारखे.

"तुला केव्हा कळलं?"

"त्याच संध्याकाळी. जुन्या फिल्टरची खाच रिकामी होती. मी तो टाकून दिला."

"हातानेच आवळलास? की पान्याने?"

"हाताने."

"बरोबर. हातानेच आवळतात." तो हे सवयीने बोलून गेला. मग म्हणाला, "सतरा वर्षांची होतीस."

"चव्वेचाळीस वर्षांचीही होते," छोटी म्हणाली. "कालही तुला चहा विचारला."

दादा उठला, रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभा राहिला. काळ्या हातांनी, जुन्या शर्टात. छोटी दारातून बघत होती. बस आली. बसच्या आड तो दिसेनासा झाला आणि तिला वाटलं, गेला. आता हा रविवारी येणार नाही, कुठल्याच रविवारी नाही. डब्यातल्या नळ्या लॅबोरेटरीत पोचवायच्या होत्या, उशीर होत होता, पण ती दारातच थांबली. बस निघाली. दादा तिथेच उभा होता.

तो परत आला, तिच्या बाजूने आत गेला आणि म्हणाला, "मेस्त्री, खिळा आहे का? टोकदार बघा."

मेस्त्रींनी पुढे येऊन खिळा दिला. दादाने तार सोडली, पट्टी मांडीवर सपाट धरली आणि बाबांच्या शेवटच्या ओळीखाली कोरायला सुरुवात केली. तेव्हा मोडलेलं मनगट त्याला पट्टी घट्ट धरू देत नव्हतं, अक्षरं वाकडी येत होती. छोटी पुढे झाली, तेव्हा त्याने कोपर आडवं धरलं. एकच शब्द होता, त्याला पुष्कळ वेळ लागला. "सांगितलं." त्याखाली आजची तारीख.

पद्धतीप्रमाणे त्याने तार पुन्हा फिल्टरच्या मानेला गुंडाळली आणि दोन वेढे जास्त दिले.

"कुठलं बांधायचं मग?" मेस्त्रींनी विचारलं, दोघांपैकी कुणाकडेच न बघता.

"हेच," दादा म्हणाला. "पुढचे नट मी सोडवतो." त्याने पाना उचलला आणि इंजिनावर वाकला. मान वर न करता तो तिला म्हणाला, "तू जा. नळ्या खराब होतील. काडी बघून निघ."

छोटी थोडी थांबली. त्याच्या वाक्याच्या शेवटी जो शब्द यायचा, त्यासाठी थांबली. पाना नटाला लागल्याचा आवाज आला, नट करकरला.

ती बाहेर आली. बोनेट उघडून तिने काडी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून पुन्हा ओढली आणि उजेडात धरली. तेल खुणेपर्यंत होतं. तरी तिने ते दोनदा पाहिलं, मगच बोनेट लावलं.